दीक्षा बिशपची, भाकर पॅरिशची

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या पाळकाला दोन धनी असतात. दीक्षा देतो तो बिशप आणि महिन्याचा पगार देते ती पॅरिश, म्हणजे त्या गावची किंवा वस्तीची मंडळी. बिशपच्या परवानगीशिवाय वेदीपाशी उभे राहता येत नाही आणि मंडळीने बोलावल्याशिवाय उभे राहायला वेदीच मिळत नाही. पाळकपणाची बरीचशी सुखदुःखे या दोन टोकांच्या मध्येच घडतात. बाहेरच्या माणसाला रविवारची तासाभराची उपासना दिसते. बाकीचे काम आठवडाभर विखुरलेले असते आणि त्यातले कितीतरी नेमणूकपत्रात कुठेच लिहिलेले नसते.

ही दुहेरी व्यवस्था इतिहासातून आली. वसाहतींच्या काळात अमेरिकेत इंग्लंडचे चर्च होते, पण बिशप एकही नव्हता. दीक्षा घ्यायची तर उमेदवाराने अटलांटिक ओलांडून लंडन गाठायचे; त्या प्रवासात काही जण दगावलेही. बिशप नसल्याने कारभार आपसूक स्थानिक जमीनदारांच्या हाती गेला. पॅरिशच्या कार्यकारिणीला व्हेस्ट्री म्हणतात. व्हर्जिनियातल्या कित्येक व्हेस्ट्री पाळकाची नेमणूक कायम न करता त्याला वर्षाच्या बोलीवर ठेवत, म्हणजे तो डोईजड व्हायला नको. स्वातंत्र्ययुद्धानंतर दीक्षेसाठी लागणारी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे अशक्य झाले, तेव्हा सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी ॲबर्डीनमध्ये त्यांनी तिथल्या बिशपांकडून बिशपपद घेतले. १७८९ मध्ये फिलाडेल्फियाला नव्या चर्चची घटना मंजूर झाली. तिने बिशप ठेवले, पण सर्वसाधारण परिषदेत पाळकांबरोबर सामान्य सभासदांनाही मत दिले. बिशप हवा पण राजा नको, असा हा खास अमेरिकी तोडगा होता.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकन पाद्री म्हटला की अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक ज्या मिशनचे, ते काँग्रिगेशनल परंपरेतले; तिथे बिशप नाही, मंडळीच सर्वाधिकारी. एपिस्कोपल पाळकाचे कूळ निराळे. त्याचे नाते मुंबई-पुण्याच्या जुन्या अँग्लिकन चर्चशी. १९७० मध्ये आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाले. अमेरिकेत ते अजून वेगळेच वाहतात.

पाळक होण्याची वाट लांबलचक आहे आणि ती मुद्दामच लांब ठेवलेली आहे. ‘देवाने मला बोलावले आहे’ असे कुणाला वाटले, तर तेवढ्यावर भागत नाही; ते इतरांनाही वाटावे लागते. आधी पॅरिशमधली एक छोटी समिती त्या व्यक्तीशी कित्येक महिने बोलते. मग व्हेस्ट्रीची शिफारस, बिशपच्या धर्मप्रांताच्या आयोगापुढे मुलाखती, पूर्वायुष्याची चौकशी, वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी. यात अनेक जण गळतात, आणि नकाराचे कारण नेहमीच स्पष्ट शब्दांत मिळते असे नाही. पुढे बहुतेकांच्या वाट्याला सेमिनरीतली तीन वर्षे येतात आणि त्यातच रुग्णालयातली उमेदवारी. वर्गात त्रैक्याच्या सिद्धांतावर उत्तम निबंध लिहिणारा विद्यार्थी अतिदक्षता विभागाच्या दारात पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा हात कुठे ठेवावेत हेही त्याला सुचत नाही. या उमेदवारीत त्याने रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहायचे आणि गटापुढे वाचून दाखवायचे असते. रुग्ण रडू लागला तेव्हा आपण विषय कसा बदलला, शांतता सोसवेना म्हणून घाईने प्रार्थना कशी उरकली, हे तिथे उघडे पडते. पुष्कळ पाळक सेमिनरीतले विषय विसरतात, पण ही वाचने विसरत नाहीत.

प्रीस्ट, म्हणजे प्रभुभोजन चालवू शकणारा पाळक, होऊ पाहणाऱ्याला आधी डीकन व्हावे लागते आणि निदान सहा महिने त्या पदावर काढावे लागतात. त्यानंतर बिशप आणि जमलेले प्रीस्ट त्याच्या डोक्यावर एकत्र हात ठेवतात. तेवढे हात एकदम डोक्यावर आले की त्यांचा चांगला भार जाणवतो. गुडघ्यावर बसलेल्याची मान खाली जाते. काही जण मात्र आयुष्यभर डीकनच राहतात, आणि ते पद काही खालची पायरी नव्हे. हे डीकन बहुधा बिनपगारी असतात. आठवडाभर शाळेत, दवाखान्यात, कचेरीत नोकरी करायची आणि रविवारी शुभवर्तमान वाचायचे, प्रभुभोजनाचे मेज मांडायचे, शेवटी मंडळीला निरोप द्यायचा. तुरुंग, बेघरांचे निवारे आणि चर्च यांच्यामध्ये ये-जा ठेवणे हे त्यांचे खरे काम. ते थेट बिशपच्या अखत्यारीत असतात, त्यामुळे पॅरिशच्या राजकारणापासून थोडे मोकळे राहतात. पगारी प्रीस्टला जे बोलायला जड जाते ते डीकन सहज बोलून जातो.

पॅरिशच्या मुख्य पाळकाला रेक्टर म्हणतात. रेक्टरची जागा रिकामी झाली की मंडळी एखादे स्थळ पाहावे तशी शोधाला लागते. हंगामी पाळक येतो, शोधसमिती बसते, पॅरिश स्वतःची माहितीपुस्तिका तयार करते. तिच्यात बहुधा ‘आम्ही एका कुटुंबासारखे आहोत’ आणि ‘तरुण कुटुंबांना आकर्षित करणारा पाळक हवा’ ही दोन वाक्ये असतातच. मुरलेला उमेदवार ती सोडून मागची हिशोबाची पाने आधी उघडतो. सर्वांना वीस वर्षांच्या अनुभवाचा तरुण हवा असतो. वर्षभर, कधी त्याहून जास्त, हे चालते. शेवटी व्हेस्ट्री निवड करते आणि बिशप संमती देतो. मग मात्र रेक्टरला जे संरक्षण मिळते ते अमेरिकेतल्या नोकरदारांत विरळाच. व्हेस्ट्री त्याला आपल्या मर्जीने काढू शकत नाही. वाद विकोपाला गेला तर प्रकरण बिशपपुढे जाते. उपासना, संगीत आणि चर्चच्या इमारतीचा धार्मिक वापर रेक्टरच्या हाती. पैसा आणि मालमत्ता व्हेस्ट्रीच्या हाती. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. पण ऑर्गनचा भाता फाटला की तो संगीताचा प्रश्न की मालमत्तेचा, यावर सभा रात्री दहापर्यंत चालते.

रेक्टरच्या या अधिकाराचे मोल फिलाडेल्फियाच्या चर्च ऑफ द ॲडव्होकेटने दाखवून दिले. तिथले रेक्टर पॉल वॉशिंग्टन यांनी १९६८ मध्ये ब्लॅक पॉवर परिषदेला दारे उघडून दिली. पुढे २९ जुलै १९७४ रोजी त्याच चर्चमध्ये अकरा स्त्रियांना प्रीस्टपदाची दीक्षा दिली गेली. तेव्हा चर्चच्या नियमांत स्त्रियांना ती परवानगी नव्हती. दीक्षा देणारे बिशप पदावरून निवृत्त झालेले किंवा पद सोडलेले होते. त्या दीक्षाविधीच्या मिरवणुकीच्या अग्रभागी क्रूस धरून चालणाऱ्या सभासद होत्या बार्बरा हॅरिस. १९८९ मध्ये याच हॅरिस बॉस्टनला बिशप झाल्या, अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री बिशप. १९७६ च्या सर्वसाधारण परिषदेने नियम बदलला आणि १९७७ च्या जानेवारीत वकील व नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या पॉली मरे प्रीस्ट झाल्या. आज पाळकांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. तरी मोठ्या, श्रीमंत पॅरिशचे रेक्टर पुरुषच अधिक आणि स्त्रियांचे सरासरी वेतनही कमी. बिशपांनी दार उघडले, पण शोधसमितीचे मन उघडायला वेळ लागतो. दोन धन्यांच्या व्यवस्थेची ही उणी बाजू.

आठवड्याचे काम बहुधा मंगळवारी सुरू होते, कारण सोमवारी किंवा शुक्रवारी सुट्टी असते. ती सुट्टी खरोखर मिळते का, हे कोण मरणपंथाला लागले आहे यावर अवलंबून. मंगळवारी येत्या रविवारचे पाठ समोर येतात. पाठ पाळकाने निवडायचे नसतात. तीन वर्षांचे चक्र ठरलेले असते, एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. हे बंधन फार उपकारक आहे. ते नसते तर प्रत्येक पाळक आपल्या आवडीच्या पाचसहा विषयांभोवती घिरट्या घालत राहिला असता. घटस्फोटावरचा किंवा श्रीमंत माणसाचा उतारा आला आणि पुढच्या बाकावर नुकतेच घटस्फोट झालेले किंवा सर्वांत मोठे देणगीदार बसले असले, तरी बोलावेच लागते. कधी पाठ परिस्थितीला असा भिडतो की पाळकच हबकतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या रविवारी देशभरची चर्चे तुडुंब भरली होती, आणि त्या दिवशीचे ठरलेले शुभवर्तमान होते हरवलेल्या मेंढराचे आणि हरवलेल्या नाण्याचे. न्यूयॉर्कच्या भिंतींवर तेव्हा बेपत्ता माणसांची छायाचित्रे चिकटवलेली होती. त्या आठवड्यात किती पाळकांनी आधी लिहिलेला उपदेश फाडून टाकला असेल, याचा अंदाज करता येतो.

उपदेश साधारण बारा-पंधरा मिनिटांचा. बॅप्टिस्ट चर्चच्या मानाने आखूडच. पण या चर्चने एक मोठा उपदेशक दिला, तो फिलिप्स ब्रुक्स. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे ते १८६९ पासून १८९१ मध्ये बिशप होईपर्यंत रेक्टर होते. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी आखलेली तिथली प्रसिद्ध इमारत त्यांच्याच काळात, १८७७ मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या व्याख्यानांत त्यांनी मांडले की सत्य उपदेशकाच्या व्यक्तिमत्त्वातून गाळून आले तरच तो उपदेश होतो. म्हणजे उसने पांडित्य तिथे चालत नाही, आणि बेताल आत्मकथनही. महाराष्ट्राशी ब्रुक्स यांचा धागा पंडिता रमाबाईंच्या कामातून जुळतो. मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झाले ते ज्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर, ती १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झाली आणि ब्रुक्स तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होते. हजारो मैलांवरच्या विधवांसाठी आपल्या नावाचे वजन टाकणे हेही एका पॅरिशच्या रेक्टरचेच काम होते.

रविवारी बहुतेक ठिकाणी दोन उपासना होतात. सकाळी आठची गाण्याविना, जुन्या वळणाच्या भाषेतली. तिला येणारे मोजकेच, आणि एकमेकांपासून दूरदूर बसणारे. दहा-साडेदहाची गायकवृंद, लहान मुले आणि नंतरच्या कॉफीसह. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकानंतर प्रभुभोजन हीच रविवारची मुख्य उपासना झाली. त्याआधी कित्येक पॅरिशमध्ये बहुतेक रविवारी केवळ सकाळची प्रार्थना असे. वेदीच्या कठड्याशी माणसे गुडघे टेकतात, ओंजळ पुढे करतात आणि पाळक त्या ओंजळीत भाकर ठेवत पुढे सरकतो. वर्षानुवर्षे हे केल्यावर पाळक चेहऱ्यांइतकेच हातांनाही ओळखू लागतो: संधिवाताने वाकलेली बोटे, मेकॅनिकच्या नखांतले काळे तेल, गेल्या महिन्यापर्यंत अंगठी असलेल्या बोटावरचा पांढरा वळ. तो वळ दिसला की पुढच्या आठवड्यात फोन करायचा, हे मनात टिपले जाते.

उपासना संपल्यावर पाळक दाराशी उभा राहून निरोप घेतो. अनोळखी माणसाला हे नुसते हस्तांदोलन वाटेल. प्रत्यक्षात आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची बातमी तिथेच, दहा सेकंदांत, मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितली जाते. ‘उपदेश छान झाला’ आणि ‘मंगळवारी बायोप्सी आहे’ ही दोन वाक्ये एका श्वासात येतात. शहाणा पाळक पहिले सोडून देतो आणि दुसरे घरी जाण्याआधी वहीत लिहितो. त्यानंतर उपासनेच्या नोंदवहीत हजेरीचा आकडा लिहायचा आणि सही करायची. हे आकडे वर्षअखेरच्या अहवालात जातात. लोक पाळकाची पारख करतातच, पण या आकड्यांनी तो स्वतःच स्वतःची जी पारख करतो ती जास्त निर्दय असते.

पाळकाचे आयुष्य खऱ्या अर्थाने वापरले जाते ते आजाऱ्यांच्या आणि मरणाऱ्यांच्या उशाशी. पुष्कळ पाळकांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला धातूची एक छोटी डबी असते. ती अंगठ्याच्या पेराएवढी असते आणि आत तेलात भिजलेला कापूस. रुग्णाच्या कपाळावर त्या तेलाने क्रूस काढायचा. रुग्णालयातून आल्यावरही अंगठ्याला त्या तेलाचा वास येत राहतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरीही पाळक जातो. ज्या बाईला स्वतःच्या मुलीचे नाव आठवत नाही, ती प्रभूची प्रार्थना सुरू होताच शेवटपर्यंत बिनचूक म्हणते, हा अनुभव बहुतेक प्रत्येक पाळकाच्या गाठी असतो. अशा भेटींत बोलण्याला फारसा वाव नसतो. पाठ असलेले शब्दच कामी येतात. छापील प्रार्थनांना निर्जीव म्हणणाऱ्यांनी एकदा अशा खोलीत बसून पाहावे.

या कामापायी प्राण गेल्याचीही उदाहरणे आहेत. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली तेव्हा ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी कृष्णवर्णीयांना संघटित करून रुग्णांची शुश्रूषा आणि मृतांचे दफन अंगावर घेतले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, या खोट्या समजुतीवर त्यांना बोलावण्यात आले होते. त्यांच्यातलेही पुष्कळ मेले. जोन्स हे डेलावेअरमध्ये गुलामीत जन्मलेले. त्यांनी आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, मग स्वतःचे. त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले सेंट थॉमस चर्च एपिस्कोपल झाले, १७९५ मध्ये ते डीकन आणि पुढे या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट झाले. पण त्यांच्या पॅरिशला धर्मप्रांताच्या परिषदेत मत नव्हते. ती बंदी साठ वर्षांहून अधिक टिकली. वेदीपाशी उभे राहा, पण सभेत बसू नका! १८७८ मध्ये मेम्फिस शहरात तोच ज्वर आला आणि पाच हजारांहून अधिक माणसे गेली. शहर सोडून पळणे ज्यांना शक्य होते ते पळाले. सेंट मेरीजच्या सिस्टर कॉन्स्टन्स आणि त्यांच्या सोबतिणी थांबल्या. यादवी युद्धात तोफखान्याचे अधिकारी राहिलेले पाळक चार्ल्स पार्सन्स थांबले. त्यांच्या मृत्यूनंतर न्यू जर्सीहून आपणहून आलेले तरुण पाळक लुई स्कायलर काही दिवसांतच गेले. चर्च ९ सप्टेंबरला त्यांचे स्मरण करते.

अंत्यविधीचे काम पाळकाला लग्नापेक्षा जवळचे वाटते, असे पाळक आपसांत मोकळेपणी कबूल करतात. लग्नात छायाचित्रकार, फुलवाला आणि वधूची आई यांच्यानंतर पाळकाचा क्रमांक लागतो. अंत्यविधीत लोक ऐकतात. या परंपरेत विधीपूर्वी शवपेटी बंद होते आणि तिच्यावर चर्चचे शुभ्र वस्त्र पसरले जाते. हजारो डॉलरची महोगनीची पेटी असो की साधी पाइनची, वस्त्राखाली दोन्ही सारख्याच. रंग काळा नव्हे, पांढरा, कारण हा विधी ईस्टरचा मानला जातो. आदल्या दिवशी पाळक कुटुंबीयांबरोबर दिवाणखान्यात बसून मृताबद्दल विचारतो. तिथे भावंडांचे जुने हिशेब निघतात, कुणी बोलायचे यावरून वाद होतात, आणि ज्याच्याबद्दल कुणालाच चांगले आठवत नाही अशा बापाबद्दल उद्या काय बोलायचे हा प्रश्न पाळकाच्या पदरी पडतो. प्रार्थनापुस्तकातला विधी इथे तारतो. त्यात मृताची स्तुती केलीच पाहिजे असे नाही.

पापकबुलीची सोयही या चर्चमध्ये आहे. कुणावर सक्ती नाही. तिथे ऐकलेले गुपित पाळकाने कुणापुढेही उघड करायचे नसते, जोडीदारापुढे नाही आणि बिशपपुढेही नाही. पॅरिशमधल्या निम्म्या भांडणांची खरी कारणे त्याला माहीत असतात, आणि व्हेस्ट्रीच्या सभेत त्याच माणसांसमोर काही ठाऊक नसल्यासारखे बसायचे असते. या कामाचा एकटेपणा येतो तो इथून.

पैशाचा एक झरा मात्र पाळकाच्या एकट्याच्या हाती असतो. नियमानुसार महिन्यातल्या एका रविवारच्या प्रभुभोजनाचे अर्पण, दुसऱ्या कशासाठी राखलेले नसेल तर, गोरगरिबांच्या मदतीसाठी त्याच्याकडे येते. वीज तोडायला निघालेले बिल, पेट्रोल, औषध, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळालेल्या बाईसाठी मोटेलची एक रात्र, हे सारे त्यातून निघते. रोख रक्कम हातावर न ठेवता थेट कंपनीच्या नावे धनादेश द्यायचा, हे नवा पाळक लवकरच शिकतो. फसवणारे येतात. एकच कहाणी शहरातल्या चारही चर्चमध्ये सांगून जातात, आणि पाळक एकमेकांना फोन करून पडताळतात. तरी अनेकांचे धोरण असे की चार फसवणाऱ्यांना दिले गेले तर चालेल, पण एक खरा रिकाम्या हाताने जाऊ नये. हिशोब तपासला जातो. नावे गुप्त राहतात.

चर्चच्या तळघराचेही एक स्वतंत्र जग असते. संध्याकाळी तिथे व्यसनमुक्तीच्या सभा भरतात. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या जडणघडणीत न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे रेक्टर सॅम्युएल शूमेकर यांचा वाटा मोठा, आणि सहसंस्थापक बिल विल्सन यांनी तो उघडपणे मानला. आजही कित्येक पॅरिशमध्ये आठवड्याभरात तळघरात येणाऱ्यांची संख्या वर वेदीपाशी येणाऱ्यांहून जास्त भरते. व्हेस्ट्रीत तक्रार येते ती सिगारेटच्या थोटकांची.

पॅरिशांमधली विषमता डोळ्यांत भरण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चला १७०५ मध्ये राणी ॲनकडून मॅनहॅटनमधली शेतजमीन मिळाली. तिच्या जोरावर आज त्या पॅरिशची मालमत्ता अब्जावधी डॉलरची आहे. दुसऱ्या टोकाला, रविवारी तीस-चाळीस माणसे येणारी, जुन्या दगडी इमारतीचे छप्पर सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेली असंख्य लहान चर्चे. १९६० च्या दशकात चौतीस लाखांच्या पुढे गेलेली एपिस्कोपल सभासदसंख्या आता साधारण पंधरा लाखांवर आली आहे. अशा लहान पॅरिशला पूर्णवेळ रेक्टर परवडत नाही. मग अर्ध्या पगारावर नेमणूक होते. पाळक उरलेला वेळ शिकवतो, रुग्णालयात समुपदेशन करतो किंवा दोन-तीन चर्चे मिळून सांभाळतो. अर्धा पगार म्हणजे अर्धे काम असे लेखी ठरते, पण माणसे काही अर्धी मरत नाहीत. निवृत्त पाळक रविवारपुरते येऊन प्रभुभोजन करतात, आणि तेही नसले तर सभासदच सकाळची प्रार्थना चालवतात. यात केवळ ऱ्हास पाहणे बरोबर नाही. काही लहान पॅरिशांत पाळकावर सगळे ढकलण्याची सवय सुटल्यामुळेच सभासद स्वतः आजाऱ्यांना भेटू लागले, उपदेश करू लागले.

घरच्यांचा हिशोब निराळाच. पूर्वी रेक्टरला चर्चशेजारी घर मिळे आणि त्याच्या पत्नीने रविवारशाळा, चहापान आणि पियानो सांभाळावा असे गृहीत असे. आता पत्नीची किंवा पतीची स्वतःची नोकरी असते आणि घराऐवजी घरभत्ता मिळतो. त्याच्यावर आयकर नाही, पण कायद्याची गंमत अशी की पाळक आयकरापुरता नोकर आणि सोशल सिक्युरिटीपुरता स्वयंरोजगारी. त्यामुळे नोकर आणि मालक या दोघांचा मिळून होणारा १५.३ टक्के कर त्याने एकट्यानेच भरायचा. धनी दोन, पण कराच्या वेळी एकही नाही. नाताळच्या आदल्या रात्री तीन उपासना उरकून पाळक घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. पवित्र आठवड्यात तर झावळ्यांच्या रविवारपासून गुरुवारचे पाय धुणे, शुक्रवारचा शोक आणि शनिवारी रात्री पेटवलेला नवा अग्नी इथपर्यंत तो जवळजवळ चर्चमध्येच राहतो. ईस्टरच्या सोमवारी पाळकाच्या घरी फोन करू नये, एवढे शहाणपण जुन्या सभासदांना असते.

म्हातारपणाची सोय मात्र या चर्चने चांगली केली. मॅसॅच्युसेट्सचे बिशप विल्यम लॉरेन्स यांच्या पुढाकाराने १ मार्च १९१७ रोजी पाळकांचा निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. त्याआधी वृद्ध पाळक आणि त्यांच्या विधवा देणग्यांवर जगत. आज पॅरिश पाळकाच्या वेतनाच्या १८ टक्के रक्कम या निधीत भरते, त्याच्या पगारातून न कापता. वयाच्या ७२ व्या वर्षी निवृत्ती सक्तीची आहे.

पॅरिश सोडणाऱ्या पाळकाने तिथल्या कामातून पूर्ण अंग काढून घ्यावे, असा दंडक आहे. ज्यांना त्याने बाप्तिस्मा दिला त्यांची लग्ने, ज्यांच्या उशाशी तो बसला त्यांचे अंत्यविधी, यांतले काहीही नव्या रेक्टरने आपणहून बोलावल्याशिवाय त्याने करायचे नसते. कुणी जुन्या ओढीने फोन केलाच तर त्याने नव्या रेक्टरचा नंबर द्यायचा. पुष्कळसे निवृत्त पाळक रविवारी शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये जातात आणि मागच्या बाकावर बसतात. नियम कठोर वाटतो, पण तो योग्य आहे. ज्या पॅरिशमध्ये तो पाळला जात नाही, तिथे नव्या रेक्टरचा जम बसत नाही.